‘लिमा’च्या आधीचं मुकं अक्षर

इंडोनेशियातल्या बुतोन बेटाच्या दक्षिण भागात ‘नाही’ला ‘चिया’ म्हणतात. त्या एका शब्दावरून तिथल्या भाषेला नाव पडलं : चिया-चिया. इंडोनेशियन स्पेलिंगमधला ‘सी’ नेहमी ‘च’ असतो, म्हणून रोमन अक्षरं पाहून ‘सिया-सिया’ म्हणू नये. भाषा बोलणारे सुमारे ८० हजार. बेट सुलावेसीच्या आग्नेय टोकाजवळ, आणि बेटावरचं मुख्य शहर बाउबाउ, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास.

२००९ साली जगभरच्या वर्तमानपत्रांत या भाषेची बातमी आली. बाउबाउच्या एका प्राथमिक शाळेत चिया-चिया मुलांना त्यांची घरची भाषा कोरियन लिपीत, म्हणजे हांगुलमध्ये, लिहायला शिकवायला सुरुवात झाली होती. समुद्रापलीकडून हजारो किलोमीटरवरून आलेली लिपी एका बेटावरच्या भाषेने उचलली, ही गोष्टच अशी होती की ती वाचून कुणीही थबकावं. मीही थबकलो. पुढे दोन-तीन वर्षांत ‘प्रयोग फसला’ अशा बातम्या आल्या आणि त्यानंतर बहुतेकांनी तिकडे पाहणं सोडून दिलं. पण प्रकरण तिथे संपलं नव्हतं, आणि ते सुरूही २००९ मध्ये झालं नव्हतं. म्हणून ते पहिल्यापासून नीट मांडावंसं वाटलं.

आधी काय होतं

चिया-चिया ही ऑस्ट्रोनेशियन कुळातली. हे कूळ पश्चिमेला मादागास्करपासून पूर्वेला रापा नुई म्हणजे ईस्टर बेटापर्यंत पसरलेलं आहे आणि त्याचं नातं आकडे मोजताना पटकन कानावर येतं. चिया-चियात दोनला ‘रुआ’, तीनला ‘तोलू’, पाचला ‘लिमा’. न्यूझीलंडचे माओरी म्हणतात ‘रुआ, तोरू, रिमा’. मादागास्करमध्ये ‘रुआ, तेलू, दिमी’. नावेतून पसरलेल्या लोकांनी बोटं मोजायची पद्धत सोबत नेली, असंच म्हणायचं.

बुतोनवर एकटी चिया-चियाच नाही. बेटावर आणि आसपास वोलिओ, मुना, पंचाना, तुकांग बेसी अशा कितीतरी भाषा आहेत. त्यातली वोलिओ ही मानाची. बुतोनवर १९६० पर्यंत सुलतानी गादी होती आणि वोलिओ ही दरबाराची भाषा होती. तिच्यासाठी अरबी लिपीत भर घालून ‘बुरी वोलिओ’ नावाची लिपी तयार झाली, स्वरांच्या खुणांसह. दरबाराचे कागद आणि ‘कबंती’ नावाची दीर्घ काव्यं तीत लिहिली गेली. चिया-चिया बोलणारे त्याच राज्यातले, पण गावाकडचे. त्यांची भाषाही कधीकाळी अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जात असे, त्या लिपीला ‘गुंडुल’ म्हणतात. गुंडुल म्हणजे टकला. स्वरांच्या खुणा नसलेली, म्हणून बोडकी. आपल्याकडच्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसायचा आणि वाचणाऱ्याला संदर्भावरून ठरवावं लागायचं, तसंच, पण त्याहून कठीण. कारण इथे स्वरच लिहायचा नाही. ‘लिमा’ आणि ‘लामा’ डोळ्यांना सारखेच.

शिवाय विसाव्या शतकात इंडोनेशियन शाळेबरोबर रोमन लिपी आली. आज बेटावरचं प्रत्येक शाळकरी मूल इंडोनेशियन भाषा रोमन अक्षरांत लिहितं. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनीही चिया-चिया रोमनमध्येच नोंदली. रेने व्हान डेन बर्ग या डच भाषाशास्त्रज्ञाने १९९१ साली तिच्यावर प्राथमिक टिपणं प्रसिद्ध केली होती.

हे सगळं सांगायचं कारण असं, की २००९ च्या बातम्यांत ‘लिपी नसलेली भाषा’ हे शब्द सर्रास वापरले गेले आणि ते खरे नव्हते. भाषेला लिपी होती, एकदा नव्हे दोनदा होती. नव्हतं ते शाळेच्या दप्तरातलं पुस्तक. लिपी नसणं आणि शाळेत जागा नसणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिलीवरचा उपाय दुसरीला लागू पडतोच असं नाही. माझ्या मते या प्रकरणातली पहिली चूक या निदानातच झाली.

सोलहून आलेला प्रस्ताव

सोल शहरात हुनमिन जोंगउम संस्था नावाचं मंडळ आहे. ‘हुनमिन जोंगउम’ म्हणजे लोकांना शिकवायचे योग्य ध्वनी. पंधराव्या शतकात राजा सेजोंगने आपल्या नव्या लिपीला हेच नाव दिलं होतं. लिपी १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. कुणी बनवली, कधी बनवली आणि कोणत्या विचाराने बनवली हे लिहून ठेवलेल्या लिप्या जगात फार थोड्या. हांगुल त्यातली एक, म्हणून कोरियन माणसाला तिच्याविषयी वाटणारा अभिमान समजण्यासारखा आहे. ती लिपी इतर भाषांनाही उपयोगी पडावी ही इच्छा त्यातूनच आली. याआधी थायलंडमधल्या लाहू लोकांच्या भाषेवर असा प्रयोग झाला होता. तो रुजला नाही.

बाउबाउमध्ये मात्र दार उघडलं. त्याला इंडोनेशियातलं राजकारणही कारण झालं. १९९९ च्या कायद्याने जाकार्ताकडचे बरेच अधिकार जिल्हे आणि शहरांकडे आले आणि शाळेच्या अभ्यासक्रमात ‘मुआतान लोकाल’, म्हणजे स्थानिक विषयांसाठी, थोडी जागा आधीपासून होती. त्या जागेत काय शिकवायचं हे स्थानिक पातळीवर ठरवता येत होतं. बाउबाउचे तेव्हाचे महापौर अमीरुल तमीम यांनी २००८ मध्ये कोरियन संस्थेशी करार केला. सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ ली हो-यंग यांनी चिया-चिया बोलणाऱ्या एका स्थानिक शिक्षकाला सोबत घेऊन पाठ्यपुस्तक तयार केलं. जुलै २००९ मध्ये सोरावोलिओ भागातल्या शाळेत सुमारे ४० मुलांचा वर्ग सुरू झाला.

पुस्तकाचं नाव ‘बहासा चिया-चिया १’. त्यात लेखन, वाचन, संभाषण, बेटाचा इतिहास, चालीरीती असे धडे होते, आणि एक कोरियन लोककथाही होती. ती कथा मला खटकते. पुस्तक चिया-चिया मुलांसाठी होतं आणि त्यांच्या आजी-आजोबांकडे गोष्टी काही कमी नसणार. पण देणाऱ्याला आपलीही एक वस्तू पेटीत ठेवावीशी वाटते, तसं ते झालं असावं.

अक्षरं कशी बसवली

आता प्रत्यक्ष अक्षरांकडे येतो, कारण या प्रकरणात सर्वांत सुंदर काम इथे झालं आहे आणि बातम्यांनी त्याकडेच सर्वांत कमी पाहिलं.

हांगुलची व्यंजनं तोंडातल्या हालचालींवरून काढलेली आहेत. ‘ग’च्या अक्षरात काटकोन आहे : जिभेचं मूळ टाळूकडे उचललेलं. ‘न’ म्हणजे त्याच्या उलटा काटकोन : जिभेचं टोक दातांच्या मागे. ‘म’ म्हणजे चौकोन, मिटलेलं तोंड. घशासाठी वर्तुळ. श्वासाचा जोर वाढला की त्याच अक्षरात एक रेघ वाढते. क-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग अशी ध्वनींची मांडणी लहानपणी पाठ केलेल्या मराठी माणसाला हे लगेच पटतं. आपण ती मांडणी तक्त्यात ठेवली, कोरियन लोकांनी ती अक्षराच्या आकारातच घातली. मग व्यंजन आणि स्वर मिळून एक चौकट तयार होते आणि एक चौकट म्हणजे शब्दाचा एक अवयव, एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा. आपलं जोडाक्षर जसं एका घरात बसतं, साधारण तसंच.

कोरियनमध्ये ओठांच्या स्फोटक ध्वनीला तीन अक्षरं आहेत : एक मऊ, एक घट्ट, एक श्वासाचं. मऊ अक्षर शब्दाच्या सुरुवातीला ‘प’कडे झुकतं आणि स्वरांच्या मधे ‘ब’ होतं. घट्ट अक्षर मराठी कानाला सरळ ‘प’ वाटतं, आणि श्वासाचं ‘फ’, ओठ न घासता उच्चारलेला. चिया-चियात गरज वेगळी आहे. तिथे एक साधा ‘प’ हवा आणि दोन प्रकारचे ‘ब’ हवेत. एक आपल्यासारखा. दुसरा आत ओढलेला : ओठ मिटायचे, घसा किंचित खाली खेचायचा आणि मग सोडायचं, हवा आत शिरल्यासारखा आवाज येतो. मराठीत तो नाही, पण महाराष्ट्रात ऐकायला मिळतो. उल्हासनगरात कुणा सिंधी आजींना ‘दोन’ म्हणायला सांगा, त्या ‘ॿ’ म्हणतील. देवनागरीने त्या ध्वनीसाठी ‘ब’खाली रेघ मारून वेगळं अक्षर केलं आहे. ‘द’चीही चिया-चियात अशीच जोडी आहे.

ली यांनी वाटणी अशी केली : घट्ट अक्षर साध्या ‘प’ला, मऊ अक्षर आत ओढलेल्या ‘ब’ला, आणि श्वासाचं अक्षर, जे सोलमध्ये ‘फ’ वाचलं जातं, ते नेहमीच्या ‘ब’ला. म्हणजे एकही नवं चिन्ह न आणता तिन्ही जागा भरल्या. हुशारीचं काम आहे. पण त्याचा परिणामही लक्षात घ्या. सोलचा माणूस बाउबाउला गेला तर त्याला पाटी वाचल्यासारखी वाटेल, अर्थ कळणार नाही, आणि उच्चारही काही ठिकाणी चुकेल. तीच अक्षरं, पण वेगळी भाषा आणि वेगळे नियम. ‘या मुलांना कोरियन शिकवतायत’ असा समज इंडोनेशियात आणि कोरियातही पसरला होता. त्या समजाला ही एक जोडीच पुरेसं उत्तर आहे.

एका जागी मात्र जुनं अक्षर परत आणावं लागलं. चिया-चियात ओठांनी हलकेच काढलेला ‘व’ आहे. आजच्या कोरियनमध्ये तो ध्वनी नाही. सेजोंगच्या काळात होता, आणि त्याच्यासाठी ‘ब’च्या चौकटीखाली छोटं वर्तुळ काढत. पंधराव्या शतकातच ते अक्षर वापरातून गेलं. पाचशेहून जास्त वर्षांनी ते बुतोनच्या एका वर्गातल्या फळ्यावर आलं. मला या सगळ्या प्रकरणात मनापासून भावलेली गोष्ट हीच. कोरियात जे अक्षर फक्त जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांना आठवत होतं, ते तिथे आठ-नऊ वर्षांची मुलं पेन्सिलने गिरवू लागली.

पण त्याच अक्षराने एक अडचणही आणली. संगणकावर आजच्या हांगुलच्या ११,१७२ चौकटी तयार स्वरूपात ठेवलेल्या आहेत आणि त्यात या जुन्या ‘व’ची एकही नाही. ती तुकडे जोडून बनवावी लागते आणि प्रत्येक फाँट ती नीट जोडतोच असं नाही. नेहमीच्या कोरियन कळफलकावर तर ते अक्षर नसतंच. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’मधला फरक टाइप करताना किंवा हिंदी कळफलकावर ‘ळ’ शोधताना मराठी माणसाची जी तगमग होते, ती ज्यांनी अनुभवली त्यांना हे वेगळं समजवायला नको. कागदावर मुलाला येणारं अक्षर फोनमध्ये लिहिता आलं नाही, तर मूल फोनमध्ये ती भाषाच लिहीत नाही.

आता ‘लिमा’. कोरियनमध्ये ‘र’ आणि ‘ल’ ही दोन वेगळी अक्षरं नाहीत. नागमोडी आकाराचं एकच अक्षर, दोन स्वरांमध्ये आलं की ‘र’, चौकटीच्या शेवटी आलं की ‘ल’, आणि लागोपाठ दोनदा आलं की ठसठशीत ‘ल’. चिया-चियाला मात्र दोन्ही हवेत, आणि शब्दाच्या सुरुवातीलाही हवेत : ‘रुआ’ वेगळं, ‘लिमा’ वेगळं. मग ठरलं की एकेरी नागमोडी म्हणजे ‘र’, दुहेरी म्हणजे ‘ल’. ‘तोलू’मध्ये हे छान बसतं, पहिली नागमोडी ‘तो’च्या चौकटीच्या तळाशी, दुसरी ‘लू’च्या सुरुवातीला. पण ‘लिमा’च्या आधी चौकटच नाही, मग पहिली नागमोडी टेकवायची कुठे? त्यासाठी पुढे एक रिकामी चौकट काढतात : वर मुकं वर्तुळ, खाली आडव्या रेघेचा स्वर, आणि त्याखाली नागमोडी. ही चौकट वाचायची नाही. ती फक्त पुढचा ‘ल’ आहे हे सांगायला उभी असते. मुलाला पाच लिहायचं असेल तर दोन अवयवांच्या शब्दासाठी तीन चौकटी काढायच्या. शब्दाच्या शेवटी ‘र’ आला तर उलट खटपट : त्याला तीच आडवी रेघ जोडायची, म्हणजे तो ‘ल’ वाचला जाणार नाही.

आणखी एक जागा आहे. ‘चार’ला चिया-चियात ‘पाआ’ म्हणतात, पण दोन ‘आ’ सलग नाहीत. मधे घसा क्षणभर मिटतो. रोमनमध्ये तिथे वर एक टिंबवजा खूण करतात. हांगुलमध्ये वर्तुळ काढतात. पण स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्येक चौकटीत मुकं वर्तुळ काढावंच लागतं, म्हणून ते ‘चिया’ लिहितानाही ‘चि’ आणि ‘आ’च्या मधे येतं, आणि तिथे घसा मिटत नाही. म्हणजे घसा मिटला की नाही हे हांगुल पानावरून कळत नाही, रोमनवरून कळतं. गंमत म्हणून मी दहापर्यंतचे आकडे देवनागरीत लिहून पाहिले : दिसे, रुआ, तोलू, पाआ, लिमा, नोओ, पिचू, वालू, सिउआ, ओम्पुलू. ‘लिमा’ आपल्याकडे दोन अक्षरांत बसतं, पण ‘पाआ’ आणि ‘नोओ’ जवळ देवनागरीही अडखळते.

मग ‘हांगुलमध्ये ही भाषा जशीच्या तशी उतरते, रोमनमध्ये उतरत नाही’ हा दावा कितपत टिकतो? दोन ‘ब’, दोन ‘द’ आणि ‘व’ यांत हांगुल नेटकी आहे. ‘ल’ आणि घशाचा झटका यांत रोमन सोपी आहे. स्वर पाचच, ते दोन्हीकडे बसतात. नीट पाहिलं तर सामना बरोबरीचा आहे. निर्णय ध्वनींवर झाला नाही, इतकं यातून नक्की दिसतं.

वर्ग, पैसा, परवानगी

डिसेंबर २००९ मध्ये बाउबाउचे महापौर आणि काही विद्यार्थी सोलला गेले, तिथल्या महापालिकेशी सांस्कृतिक देवघेवीचं बोलणं झालं. बाउबाउच्या बाजूने अपेक्षा होती की कोरियन सांस्कृतिक केंद्र येईल, मदत येईल, शहराचं नाव होईल. त्यात गैर काही नाही. बंदर असलेल्या, राजधानीपासून दूरच्या एका छोट्या शहराच्या महापौराने अशी दारं ठोठवावीतच. पण अपेक्षा मोठ्या होत्या आणि मंडळ छोटं. २०१० मध्ये एक कोरियन शिक्षक बाउबाउला पोहोचले. २०१२ च्या सुरुवातीला कोरियन सरकारच्या पाठबळावर कोरियन भाषा शिकवणाऱ्या सेजोंग संस्थेची शाखा उघडली आणि पैशांच्या अडचणीमुळे त्याच वर्षी काही महिन्यांत बंद झाली. ‘प्रयोग फसला’ या बातम्या तेव्हाच्या.

इकडे इंडोनेशियात प्रश्न वेगळा होता. तिथे सातशेच्या वर भाषा आहेत. १९२८ च्या युवक प्रतिज्ञेत ‘एकतेची भाषा, बहासा इंडोनेशिया’ हे ठरलं आणि देश उभा राहिला तो त्या शब्दावर. एवढ्या बेटांना एकत्र धरून ठेवणारी भाषा आणि तिची लिपी हा तिथे भावनेचा आणि कायद्याचा विषय आहे. दक्षिण कोरियातल्या इंडोनेशियाच्या तेव्हाच्या राजदूतांनी उघड म्हटलं की चिया-चिया रोमनमध्ये लिहिता येते, लिपी आयात करायची गरज नव्हती. केंद्र सरकारने हांगुलला चिया-चियाची अधिकृत लिपी म्हणून मान्यता दिली नाही. बाउबाउच्या वर्गात ती चालू राहिली ती स्थानिक विषय म्हणून.

आणि एक भौगोलिक गोष्ट कोणत्याही कराराने बदलणार नव्हती. चिया-चिया बोलणारे बहुतेक लोक बाउबाउ शहरात राहतच नाहीत. ते बेटाच्या दक्षिणेला, वेगळ्या प्रशासनाखाली राहतात; २०१४ मध्ये तो भाग दक्षिण बुतोन नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. बाउबाउच्या महापौराचा शब्द सोरावोलिओत चालतो, डोंगरापलीकडे नाही. म्हणजे भाषेची लिपी बदलण्याचा निर्णय अशा शहराने घेतला होता, ज्याच्या हद्दीत त्या भाषेचे थोडेच लोक होते. हे वाचताना मला गोव्याची आठवण झाली. तिथे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला मान दिला, पण रोमी लिपीत वाचणारे-लिहिणारे, तियात्र करणारे लोक राहिलेच, कर्नाटकातले कन्नड लिपीत लिहिणारे राहिले. कायद्याच्या हद्दीपलीकडे भाषा आपल्या सवयीनेच चालत राहते.

सर्वांत मोठी अडचण मात्र मला शिक्षकांची वाटते. हांगुलमध्ये चिया-चिया शिकवायला असा माणूस लागतो ज्याला चिया-चिया येते, हांगुल येते आणि शाळेत शिकवायची परवानगी आहे. सुरुवातीला असा माणूस अक्षरशः एक होता. कोरियन शिक्षकाला भाषा नवी, स्थानिक शिक्षकांना लिपी नवी. पुस्तकं छापता येतात, पण असे शिक्षक घडवायला दहा वर्षं लागतात आणि त्यांचा पगार कुणाच्या तरी अंदाजपत्रकात असावा लागतो. २००८ चा करार झाला तेव्हा फलक, भेटी आणि केंद्राच्या इमारतीवर जितकं बोललं गेलं, तितकं पाच स्थानिक शिक्षकांच्या पगारावर बोललं गेलं असतं तर पुढची कहाणी वेगळी झाली असती, असं मला ठामपणे वाटतं.

तरीही वर्ग थांबले नाहीत. सेजोंग संस्थेची शाखा बंद झाल्यावरही शाळांमधून हांगुल शिकवणं चालू राहिलं, कमी पैशांत, थोड्या माणसांच्या चिकाटीवर. सोरावोलिओतल्या कार्या बारू गावात रस्त्यांच्या आणि शाळांच्या पाट्यांवर रोमनच्या जोडीला हांगुल दिसते. पुढे शब्दकोशाचंही काम झालं, आणि दशकभराने शाखा पुन्हा उघडली. दरम्यान कोरियन मालिका आणि गाणी इंडोनेशियाभर पसरली. इंडोनेशियातले तरुण कामासाठी कोरियात जातात, त्यासाठी कोरियन भाषेची परीक्षा द्यावी लागते. बाउबाउमधल्या मुलाला आज हांगुल शिकावीशी वाटते त्यात या गोष्टींचा वाटा मोठा आहे, आणि त्यात वावगं काहीच नाही. फक्त ती ओढ कोरियनकडे नेणारी आहे. चिया-चियाकडे नेईलच असं नाही.

माझं मत

कोरियन मंडळाला मी दोष देणार नाही. ‘लिपी लादली’ असं म्हणणं सोपं आहे, पण करार बाउबाउने केला, पुस्तक चिया-चिया शिक्षकाने हातभार लावून तयार केलं, आणि मुलं आवडीने शिकली. लादलीच म्हणायची तर रोमनही कुणी विचारून आणली नव्हती, आणि अरबीही नाही. या बेटावर लिपी नेहमीच जहाजातून आली आहे.

माझा आक्षेप एवढाच, की ज्यांची भाषा आहे त्यांना वाचायला काय मिळेल हा प्रश्न मागे राहिला. त्या ४० मुलांनी अक्षरं शिकल्यावर दुसरं पुस्तक कोणतं वाचायचं होतं? तिसरं? शेतावरच्या, समुद्रावरच्या गोष्टी, गावच्या लग्नातली गाणी, आजीच्या तोंडची औषधं, हे सगळं कागदावर यायला हवं होतं आणि मग ते कोणत्या लिपीत आलं हा दुय्यम प्रश्न राहिला असता. आणि ते येत असताना दक्षिण बुतोनचे लोकही बैठकीत असायला हवे होते.

त्या पाठ्यपुस्तकातली दोन वाक्यं माझ्या लक्षात राहिली आहेत. देवनागरीत ती साधारण अशी होतील : ‘आदी सेरिंग पाली नोनोन्तो तेलेवीसी. आमानो नोपोओम्बाए इआ नानुमोन्तो तेलेवीसी कोलिए नोमोलेंगो.’ आदी फार वेळा टीव्ही बघत असतो. त्याचे वडील त्याला सांगतात, टीव्ही फार वेळ बघू नकोस. ‘आमा’ म्हणजे वडील, ‘आमानो’ म्हणजे त्याचे वडील. ‘सेरिंग’, म्हणजे वारंवार, हा शब्द इंडोनेशियनमधून आलेला, ‘तेलेवीसी’ही तिथूनच. याच ‘वी’त ते पाचशे वर्षांनी परत आलेलं अक्षर आहे, खाली वर्तुळ असलेलं, आणि ‘नोपोओम्बाए’त ते दुसरं वर्तुळ, जिथे घसा मिटायचा हे फक्त ज्याला भाषा येते त्यालाच कळतं. आदीच्या घरातला टीव्ही दिवसभर इंडोनेशियन बोलतो. चिया-चियात बोलतात ते त्याचे वडील.